लाओ शे : बीजिंगच्या गल्लीबोळांचा कथाकार

चांद्र वर्ष संपण्यास सात दिवस उरले की चिनी घरातील चुलीचा देव स्वर्गात जातो आणि त्या घराने वर्षभर काय केले ते वरच्या दरबारात निवेदन करतो, अशी तिकडील जुनी श्रद्धा आहे. त्याने गोडच बोलावे म्हणून त्या दिवशी त्याच्यापुढे चिकट मिठाई ठेवली जाते. १८९९ सालच्या ३ फेब्रुवारीस, नेमक्या याच सणाच्या दिवशी, बीजिंगच्या पश्चिम भागातील एका चिंचोळ्या गल्लीत शू आडनावाच्या शिपायाच्या घरी मुलगा जन्मास आला. वसंत ऋतू तोंडावर आला होता म्हणून मुलाचे नाव छिंगछुन, म्हणजे वसंताचा उत्सव, असे ठेवण्यात आले. गल्लीचे जुने नाव मेंढवाडा अशा अर्थाचे होते. तोंडाशी अरुंद आणि आत भोपळ्यासारखी फुगलेली ही गल्ली पुढे चिनी कादंबरीत अमर होणार होती. तेव्हा मात्र तेथे दारिद्र्यावाचून दुसरे काही नव्हते.

हे घराणे मांचू होते. छिंग राजवंशाच्या आठ ध्वजांपैकी साध्या तांबड्या ध्वजाखाली त्याची नोंद होती. ध्वजाखालील पुरुषाने शिपाईगिरी करावी आणि सरकारी वेतनावर जगावे, अशी दोन-अडीच शतकांची रीत होती. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिजोरी रिकामी झाली होती, वेतनाची चांदी हलकी झाली होती आणि शिपायांची कुटुंबे वाण्याच्या उधारीवर दिवस काढीत होती. १९०० साली बॉक्सर बंडाचे निमित्त होऊन आठ परकी राष्ट्रांच्या फौजा बीजिंगमध्ये शिरल्या. ब्रिटिशांच्या तुकडीत पंजाब आणि राजपुतान्याकडील भारतीय शिपाईही होते. एका पराधीन देशाची माणसे दुसऱ्या देशाला पराधीन करण्यासाठी आणली गेली होती. शहराच्या रस्त्यांवरील त्या लढाईत छिंगछुनचे वडील मरण पावले. त्यांचा देह घरी आला नाही. परके सैनिक घर लुटण्यास आले तेव्हा तान्हे मूल उलटून पडलेल्या एका पेटीखाली झोपले होते म्हणून वाचले, ही हकीकत पुढे घरात वारंवार सांगितली जाई.

आईला लिहिता-वाचता येत नव्हते. ती लोकांचे कपडे धुई, रात्री दिव्याच्या उजेडात शिवणकाम करी. खाटीकखान्यातील आणि दुकानांतील माणसांचे मळके, जाडेभरडे कपडे धुऊन तिचे हात बारमाही लाल आणि सुजलेले असत. कष्टांविषयी तक्रार करावयाची नाही, शेजाऱ्याच्या अडचणीला धावून जावयाचे आणि स्वाभिमान सोडावयाचा नाही, हे तिचे वर्तन हीच मुलाची पहिली शाळा होती. आपल्या स्वभावाचे श्रेय त्याने जन्मभर कोणत्याही ग्रंथाला न देता या निरक्षर बाईला दिले.

प्रत्यक्ष शाळा लाभली ती एका परोपकारी गृहस्थामुळे. ल्यू शौम्यान हे धनिक गृहस्थ एके दिवशी सहज घरी आले आणि मुलाला शाळेत बसवून त्याच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला. पुढे या गृहस्थांनी आपली संपत्ती गोरगरिबांत वाटून टाकली आणि बौद्ध भिक्षूची वस्त्रे धारण केली. १९१३ साली छिंगछुन बीजिंगच्या अध्यापक विद्यालयात दाखल झाला. तेथे राहण्याजेवण्याचा आणि पुस्तकांचा खर्च सरकारी असे, हेच त्या निवडीचे मुख्य कारण होते. १९१८ मध्ये तेथील शिक्षण पुरे होताच एकोणिसाव्या वर्षी तो एका प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला. नंतर शाळा-तपासनीसाची बऱ्या पगाराची जागा मिळाली. परंतु त्या जागेवरील लाचलुचपत आणि गटबाजी सोसवेना म्हणून १९२२ साली त्याने ती सोडली. त्याच सुमारास ख्रिस्ती धर्माचा स्वीकारही केला. आडनावाच्या शू या चिनी अक्षराची फोड केली तर त्यातून दोन अक्षरे निघतात : एकाचा अर्थ त्याग, दुसऱ्याचा मी. या दोहोंपासून तरुण शिक्षकाने स्वतःसाठी शयू, अर्थात स्वतःचा त्याग, असे उपनाम घेतले. पुढे त्याच अक्षरापासून लाओ शे हे टोपणनाव सिद्ध झाले.

१९२४ साली ते लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या शाळेत चिनी भाषेचे अध्यापक म्हणून गेले. पाच वर्षे तेथे काढली. पगार बेताचा होता, घरी पैसे पाठवावे लागत आणि हवा उदास होती. इंग्रजी सुधारावे म्हणून त्यांनी डिकन्स वाचावयास घेतला आणि त्यात त्यांना आपलेच शहर सापडले. सामान्य माणसांच्या लकबी, त्यांची फजिती, हसता हसता डोळ्यांत पाणी आणणारे त्यांचे जगणे यांवर कादंबरी उभी राहू शकते, ही जाणीव तेथे झाली. तीन कादंबऱ्या लंडनमध्येच लिहून झाल्या. त्यांपैकी 'मा पितापुत्र' ही लंडनमधील चिनी माणसांविषयी आहे. इंग्रजांचा वर्णगर्व आणि चिनी माणसाची आत्मवंचना यांपैकी कोणालाही ती सोडीत नाही. परतताना १९२९-३० मध्ये ते काही महिने सिंगापूरला थांबले आणि तेथील एका शाळेत शिकवू लागले. तेथे लिहावयास घेतलेल्या 'लहान्या पोचा वाढदिवस' या कथेत चिनी, मलायी आणि भारतीय मुले एकत्र खेळतात. वसाहतीतील मोठी माणसे परस्परांना तुच्छ लेखत असताना मुलांनी केलेली ही मैत्री त्यांना भविष्याची खूण वाटली असावी.

मायदेशी आल्यावर १९३१ साली हू ज्येछिंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला. शानतुंग प्रांतातील चिनान आणि छिंगताओ येथील विद्यापीठांत अध्यापन करीत असताना त्यांनी विपुल लेखन केले. चिनान शहरावरील एका कादंबरीचे हस्तलिखित १९३२ साली शांघायवरील जपानी बाँबहल्ल्यात जळून गेले. ती पुन्हा लिहिणे त्यांना जमले नाही. १९३६-३७ मध्ये 'रिक्षावाला श्यांगत्स' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली आणि चिनी कादंबरीत एक नवे माणूस आले.

श्यांगत्स हा खेड्यातून आलेला धट्टाकट्टा, अबोल, निर्व्यसनी तरुण. स्वतःच्या मालकीची हातरिक्षा घ्यावी एवढीच त्याची आकांक्षा. तीन वर्षे पोटाला चिमटा घेऊन तो ती विकत घेतो आणि सैनिक त्याच्यासह ती पळवून नेतात. पळताना हाती लागलेले तीन उंट विकून तो परततो. पुन्हा साठवलेला पैसा एक गुप्त पोलीस धाक घालून लुबाडतो. दुसरी रिक्षा बायकोच्या अंत्यविधीसाठी विकावी लागते. अखेरीस हा सरळ माणूस आळशी, विश्वासघातकी आणि निर्लज्ज होतो आणि पराक्या प्रेतयात्रांत निशाण धरून चार पैसे मिळवू लागतो. या कथेत खलपुरुष असा कोणी नाही. प्रामाणिक कष्टाला फळ न देणारी समाजरचनाच माणसाचा ऱ्हास कसा घडवते, हे लेखकाने भाडे, सावकारी, ऊन, पाऊस आणि पायातील गोळे यांच्या हिशेबातून दाखवले. शहरातील भाडोत्री खोल्यांत वाढलेल्या माणसालाच हा हिशेब ठाऊक असणे शक्य होते.

१९३७ साली जपानने चीनवर पूर्ण शक्तीनिशी आक्रमण केले. नोव्हेंबरात, शत्रू चिनानच्या जवळ आला असता, लाओ शे यांनी पत्नी आणि तीन लहान मुलांना मागे ठेवून एक पेटी घेऊन वूहानची गाडी धरली. १९३८ च्या मार्चमध्ये तेथे सर्व मतांच्या लेखकांची प्रतिकार-संघटना स्थापन झाली. राष्ट्रवादी आणि साम्यवादी या दोन्ही पक्षांना चालेल असा कोणत्याही पक्षाचा नसलेला माणूस हवा होता. संघटनेचे रोजचे काम त्यांच्याकडे आले आणि वूहान पडल्यावर छुंगछिंगमध्ये युद्धाच्या अखेरपर्यंत त्यांनी ते सांभाळले. निरक्षर सैनिकांना समजावे म्हणून डफाच्या तालावर म्हणावयाची कवने, सोपी नाटके, विनोदी संवाद असे मिळेल ते त्यांनी लिहिले. रक्तक्षय आणि अर्धपोटी जगणे यांनी प्रकृती खालावली. १९४२ साली जपानव्याप्त बीजिंगमध्ये आई वारली. ही वार्ता कित्येक महिन्यांनी त्यांच्यापर्यंत पोहोचली. १९४३ मध्ये पत्नी मुलांना घेऊन शत्रूच्या मुलखातून छुंगछिंगला आली. तिने सांगितलेल्या व्याप्त शहरातील हकीकतींतून 'एका छपराखाली चार पिढ्या' ही त्यांची सर्वांत मोठी कादंबरी उभी राहिली. तिचे घटनास्थळ म्हणजे जन्माची तीच मेंढवाडा गल्ली. तिच्यात छी थ्यानयौ नावाचा पापभीरू कापडव्यापारी आहे. जपानी लोक त्याच्यावर नफेखोराचा शिक्का मारून त्याला रस्त्यांतून फिरवतात. तो घरी जात नाही. शहराच्या वेशीबाहेर जाऊन पाण्यात देह टाकतो.

१९४६ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या निमंत्रणावरून ते नाटककार त्साओ यू यांच्यासह तिकडे गेले. तत्पूर्वी, १९४५ साली, 'रिक्षावाला'चे इंग्रजी भाषांतर तेथे प्रचंड खपले होते. मात्र अमेरिकन वाचकांस रुचावे म्हणून भाषांतरकाराने लेखकाला न विचारता शेवट सुखाचा करून टाकला होता. लाओ शे यांना ही गोष्ट मानवली नाही. १९४९ च्या ऑक्टोबरात साम्यवादी राजवटीची घोषणा झाली. नव्या सरकारातील मित्रांकडून बोलावणे आले आणि डिसेंबरात ते बीजिंगला परतले.

परतण्यामागे केवळ निमंत्रण नव्हते. त्यांच्या दृष्टीने राज्याची परीक्षा गल्लीत होत असे : नळाला पाणी येते की नाही, भाडे परवडते की नाही, पोलीस हात पसरतो की नाही. दक्षिण बीजिंगमधील लुंगश्यूकौ, म्हणजे ड्रॅगनच्या मिशांचा नाला, हे गरिबांच्या वस्तीतून वाहणारे एक उघडे गटार होते. पावसाळ्यात ते घरांत शिरे, रोगराई पसरवी. पूर्वीच्या राजवटींनी त्याच्या नावाने कर घेतले आणि काम केले नाही. नव्या नगरपालिकेने श्रीमंतांच्या मोहल्ल्यांआधी तेथे भुयारी गटार बांधावयास घेतले. लाओ शे काठी टेकीत तेथे गेले आणि १९५०-५१ मध्ये त्याच नाल्याच्या नावाचे नाटक त्यांनी लिहिले. त्यातील एक चिमुरडी पहिल्याच अंकात नाल्यात बुडून मरते. हे प्रचाराचे नाटक आहे हे खरे. परंतु ज्याची आई कपडे धुऊन जगली त्याला गटार बांधणारे सरकार आपले वाटावे, यात अप्रामाणिक असे काही नव्हते. १९५१ साली बीजिंगच्या नगरशासनाने त्यांना जनतेचा कलावंत ही पदवी दिली.

सन्मानासोबत सभा, समित्या आणि ठराव आले. शहराच्या साहित्य-कला महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. १९५५ मध्ये हू फंग या समीक्षकाविरुद्ध मोहीम निघाली तेव्हा आणि १९५७ मध्ये उजव्या विचारांच्या म्हणून गणलेल्या लेखकांवर गदा आली तेव्हा इतरांप्रमाणे लाओ शे यांनीही निषेधाची भाषणे केली, लेख लिहिले. ज्यांच्यावर ही टीका झाली त्यांत नाटककार वू त्सूक्वांग होते. त्यांना ईशान्येकडील ओसाड प्रदेशात धाडण्यात आले; मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नीला, अभिनेत्री शिन फंगश्या यांना, धीर देणाऱ्यांत लाओ शे होते. पुढे एका दुकानात वू यांच्या घरचे छी पायश यांचे चित्र विक्रीस आलेले त्यांना दिसले. ते त्यांनी विकत घेतले आणि वू परत आल्यावर त्यांच्या हवाली केले. सार्वजनिक सभेतील भाषण आणि खाजगीतील ही कृती एकाच माणसाची होती. त्या काळातील अनेकांचे आयुष्य असे दुभंगलेले होते. पुष्कळांच्या बाबतीत मात्र दुसरा भाग उरलाच नाही.

१९५५ सालच्या सुधारित आवृत्तीत त्यांनी 'रिक्षावाला'चा शेवटचा दीड अध्याय स्वतःच गाळला. नव्या समाजात श्रमिकाचा इतका संपूर्ण अधःपात दाखवणे योग्य नव्हे, असा तेव्हाचा दंडक होता. दहा वर्षांपूर्वी परक्या भाषांतरकाराने शेवट बदलला म्हणून ज्यांना खंत वाटली, त्यांनीच आता त्यावर कात्री चालवली.

आणि तरीही १९५७ मध्ये त्यांच्याच लेखणीतून 'चहागृह' हे नाटक उतरले. यूथाय नावाचे एक चहागृह, त्याचा गोडबोल्या मालक वांग लीफा आणि सत्तरांहून अधिक पात्रे. पहिला अंक १८९८ चा, दुसरा प्रजासत्ताकाच्या आरंभीच्या सरदारशाहीचा, तिसरा जपानी पराभवानंतरच्या राष्ट्रवादी अमलाचा. भिंतीवर राजकारणाची चर्चा करू नये अशी सूचना लटकलेली असते. राजवटी बदलतात, फर्निचर झिजते आणि ती सूचना मात्र अंकागणिक मोठी होत जाते. अखेरीस तीन म्हातारे मृतांसाठी उधळावयाचे कागदी पैसे स्वतःसाठीच उधळतात आणि जन्मभर सर्वांना सलाम करीत आलेला मालक आत जाऊन गळफास घेतो. नाटक जुन्या राज्यांविषयी होते, म्हणून रंगमंचावर येऊ शकले. १९५८ साली बीजिंग जनकला नाट्यसंस्थेने च्याओ च्यूयिन यांच्या दिग्दर्शनाखाली ते केले. परंतु गतकाळाविषयी हळहळ वाटते, क्रांतीचा लाल रंग दिसत नाही, असे आक्षेप निघून प्रयोग लवकरच थांबले. १९६३ मध्ये ते पुन्हा झाले, पुन्हा थांबले. १९६१-६२ मध्ये सुरू केलेली 'तांबड्या ध्वजाखाली' ही आत्मचरित्रात्मक कादंबरी अकरा प्रकरणांवरच राहिली. वर्गसंघर्षाच्या घोषणांत मांचू शिपायाच्या घरातील सणवार, उधारी आणि रीतिभाती यांना जागा नव्हती.

फंगफू गल्लीतील आपल्या बैठ्या घराच्या अंगणात ते फुलझाडे वाढवीत. शेवंतीचा बहर आला की मित्रांना जेवावयास बोलावीत. १९५३ साली लावलेल्या तेंदूच्या जातीच्या दोन झाडांना शरदात केशरी फळे लागत आणि ती शेजाऱ्यांकडे वाटली जात. सकाळी लेखन, दिवसभर जाईच्या फुलांचा सुगंध दिलेला चहा आणि येणाऱ्याजाणाऱ्यांशी गप्पा, असा क्रम होता.

१९६६ च्या उन्हाळ्यात सांस्कृतिक क्रांतीला तोंड फुटले. ऑगस्टमध्ये लाल रक्षक बनलेली शाळकरी मुले-मुली बीजिंगमध्ये घरे फोडू लागली, शिक्षकांना मारू लागली. लाओ शे नुकतेच रुग्णालयातून आले होते. खोकल्यातून रक्त पडत होते. २३ ऑगस्ट रोजी ते महासंघाच्या कचेरीत गेले. त्या दुपारी तेथील सुमारे तीस लेखक-कलावंतांना ट्रकमध्ये घालून कन्फ्यूशियसच्या मंदिरात नेण्यात आले. आवारात पारंपरिक नाट्याचे पोशाख आणि साहित्य जाळले जात होते. त्या आगीभोवती त्यांना गुडघ्यांवर बसवून पट्ट्यांनी मारण्यात आले. सदुसष्ट वर्षांच्या या माणसाचे डोके फुटले. कचेरीत परत आणल्यावर गळ्यातील पाटी त्यांनी फेकून दिली आणि अधिकच मार खाल्ला. प्रत्यक्ष प्रतिक्रांतिकारक असा शिक्का मारून त्यांना पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले. मध्यरात्र उलटल्यावर पत्नीने त्यांना घरी आणले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चिमुकल्या नातीचा निरोप घेऊन, ते घराबाहेर पडले. शहराच्या वायव्येस, तटाच्या कोपऱ्याबाहेर, ताइफिंग नावाचे एक साधे तळे होते. आईसाठी त्यांनी पूर्वी घेतलेले घर तेथून फार दूर नव्हते. दिवसभर ते काठावर बसून होते, असे तेथील लोकांनी नंतर सांगितले. २५ ऑगस्टला त्यांचा देह पाण्यात आढळला. अस्थी कुटुंबास मिळाल्या नाहीत. त्या शेवटच्या दिवसांविषयीच्या साक्षी परस्परांशी सर्वस्वी जुळत नाहीत. ही हताशा होती की निषेध, यावर चीनमध्ये पुष्कळ लिहिले गेले. छी थ्यानयौची गोष्ट ज्याने वाचली आहे त्याच्या एवढेच ध्यानात येते की अपमानित माणसाच्या पायांना त्या वेळी कोणती वाट दिसते हे लेखकाला वीस वर्षे आधी ठाऊक होते. फरक इतकाच, की कादंबरीत अपमान करणारे परके होते.

माओ यांच्या मृत्यूनंतर, १९७८ च्या जूनमध्ये, त्यांना निर्दोष ठरवून पापाओशान येथे सन्मानाने निरोप देण्यात आला. अस्थींच्या जागी पेटीत त्यांचा चष्मा, लेखण्या आणि थोडी जाईची चहापत्ती ठेवली होती. १९७९ मध्ये 'चहागृह' पुन्हा रंगमंचावर आले. भिंतीवरील सूचना पाहून हसणाऱ्या प्रेक्षकांना आता चौथ्या अंकाची गरज नव्हती. तो त्यांनी जगलेला होता. १९८० साली हे नाटक पश्चिम जर्मनी, फ्रान्स आणि स्वित्झर्लंड येथे गेले. 'तांबड्या ध्वजाखाली'ची अकरा प्रकरणे अपूर्ण अवस्थेतच प्रसिद्ध झाली. फंगफू गल्लीतील घराचे १९९९ मध्ये स्मारक झाले. लंडनमधील त्यांच्या एका राहत्या घरावर २००३ मध्ये स्मृतिफलक लागला. 'चार पिढ्या'च्या हरवलेल्या अखेरच्या प्रकरणांचे इंग्रजी हस्तलिखित अमेरिकेत हार्वर्डच्या एका ग्रंथालयात सापडले आणि त्यावरून २०१७ मध्ये कादंबरी पूर्ण रूपात चिनी वाचकांपुढे आली.

ताइफिंग तळे १९७० नंतरच्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामासाठी बुजवण्यात आले. लुंगश्यूकौच्या गटारावरून आता रस्ता जातो. बीजिंगच्या बहुसंख्य जुन्या गल्ल्या १९९० नंतरच्या बांधकामात पडल्या. त्यांतील बोली, शिष्टाचार आणि भांडणे ऐकावयाची असतील तर लाओ शे यांच्या पुस्तकांकडेच जावे लागते. 'रिक्षावाला' चिनी शाळकरी मुलांना नेमून दिलेल्या वाचनात आहे. १९५५ साली त्यांनी गाळलेला शेवट त्यांच्या मृत्यूनंतर समग्र वाङ्मयाच्या आवृत्तीत पूर्ववत करण्यात आला. पराक्या प्रेतयात्रेत निशाण धरून, रस्त्यावर पडलेले विडीचे थोटूक उचलण्यास वाकणारा श्यांगत्स अशा रीतीने आपल्या जागी परत आला आहे.